तू रंगवलेली भिंत आज पाडली, अक्का

प्रिय अक्का,

आज सकाळी साडेनऊला शाळेच्या पूर्वेकडच्या दोन खोल्या पाडल्या. जेसीबीला चाळीस मिनिटं लागली. मी शेवटपर्यंत उभी होते. तू रंगवलेली भिंत सगळ्यात शेवटी पडली, कारण ती दोन खोल्यांच्या मधली होती. त्यात दुसरा काही अर्थ शोधू नकोस.

पत्रं लिहायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. मी अहवाल लिहिते. पण आजची गोष्ट कुणाला सांगावी हे दिवसभर कळेना. दाजी पाळीवर गेले होते. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. रडण्यासारखं काय होतं त्यात! तुझ्या ईश्वरीला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "मावशी, नव्या खोलीत पंखा असंल का?" असेल, असं मी सांगितलं. नकाशात दोन आहेत.

आणि तुझ्याशी एक वाद अर्धा राहिला आहे. तो पुरा करायचा तर तुलाच लिहायला हवं.

ईश्वरी पहिलीत गेली त्या वर्षी गावानं तुला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून केलं, हे तूच हसत सांगितलं होतंस. पण तू ते पद शिलाईच्या कामासारखं घेतलंस. उसवलेलं दिसलं की टाका! नळ तुटला, वर्गणी. पंखा बंद पडला, वर्गणी. संडासाच्या दाराची कडी गेली, ती तर तू घरची काढून नेलीस. नाही म्हणणाऱ्याच्या उंबऱ्यावर तू बसून राहायचीस. "च्या नगं दादा, पन्नास रुपये द्या, लगीच उठते."

मी म्हणायचे, जिल्हा परिषदेची शाळा आहे, त्यांच्याकडे मागा. तू म्हणायचीस, "आपली शाळा हाय, आपणच बघायची. सरकार काय हितं झोपायला येतंय व्हय?"

मला कौतुक वाटायचं. कधी बोलले नाही. तू तरी कुठे विचारलंस?

दहावीनंतर तू सोलापुरात गणवेश शिवायच्या कारखान्यात बसलीस आणि मी पॉलिटेक्निकला गेले. हे वाक्य मी एवढ्यावरच ठेवते. त्याचा विषय काढलेला तुला आवडत नसे.

आता भिंत. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत हेडसरांनी वर कळवलं, पूर्वेकडच्या दोन खोल्यांना भेगा आहेत, पाहणी करावी. पंचायत समितीचे इंजिनिअर येणार म्हणून निरोप आला. तेव्हा तू काय केलंस? रंग आणलास!

आठ दिवस तुम्ही बारा जणी खपत होता. पाहुणा यायचा म्हटलं की आपण आधी घर सारवतो, तसंच. भेगांत पुट्टी भरली, पिवळा रंग दिला आणि मधल्या भिंतीवर तू स्वतः आगगाडी काढलीस. इंजिनात 'अ', मागे एकेका अक्षराचा एकेक डबा. दारात रांगोळी, साहेबांना फेटा, नारळ, शिरा आणि भजी. साहेबांनी गाडीपुढे उभं राहून फोटो काढला. जाताना शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. इमारत सुस्थितीत. दुरुस्तीची आवश्यकता नाही.

रात्री तुझा फोन. "शुभे, सायबानी फोटू काढून नेला! म्हणाले, अशी शाळा तालुक्यात न्हाय."

रविवारी मी आले. कौतुक करायलाच आले होते, खरं सांगते. पण माझी नजर आगगाडीवर टिकली नाही. दोन खोल्यांमधल्या दाराच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती. विटांच्या सांध्यांमधून पायरीपायरीनं वर चढत, 'घ'च्या डब्यातून पार छतापर्यंत. तू पुट्टी भरलीस त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि पाया उथळ असला की वरची भिंत तिच्यासोबत हलते. पुट्टीनं ते थांबत नाही.

"अक्का, हे झाकायला नको होतं."

"मग काय पाव्हण्याला घाण दावायची व्हय गं?"

"तो पाहुणा नव्हता. तपासायला आला होता."

"आमच्या दारात आला म्हंजी पाव्हणाच की!"

मग मी म्हणाले, "तू भिंत नाही रंगवलीस. पुरावा पुसलास."

हे वाक्य अचूक होतं. बोलायला नको होतं. तुझ्या नखांत अजून पिवळा रंग होता, ते मला दिसत होतं.

तू म्हणालीस, "बरं. मग तू लिहून दे की. इंजिनेर हायस."

मी म्हणाले, माझी सही चालत नाही, सरकारी इमारतीला त्यांच्याच माणसाची लागते. खोटं नव्हतं. पण भेगांची मापं, फोटो आणि एक साधा अर्ज, एवढं कुणीही देऊ शकतं. त्याला सही-शिक्क्याचा अधिकार लागत नाही. मला हे तेव्हाही माहीत होतं. एका दुपारचं काम होतं, अक्का! मी ते केलं नाही. तू चुकलीस हे आधी तुझ्याकडून मान्य करून घ्यायचं होतं मला, बाकी कारण नाही.

त्यानंतर वर्षभर आपण भेटलो, बोललो, शेंगाचटणीचे डबे इकडून तिकडे गेले. भिंतीचं नाव दोघींनीही काढलं नाही. मग तुला ताप आला. सहाव्या दिवशी तू नव्हतीस.

त्याला आता चौदा महिने झाले. मी आठवड्यातले चार दिवस ईश्वरीजवळ असते, तिथूनच एसटीनं सोलापूरला ऑफिसला जाते. समितीत पालक म्हणून दाजींचं नाव लागलं. पाळीमुळे त्यांना जमत नाही. म्हणून नाव त्यांचं, बसायला मी. दाजी म्हणतात, "तिच्या जागी कुणी बसलेलं बघायला मला बरं वाटत न्हाय, पर तू बस."

मागच्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिली बैठक झाली. तुझ्यानंतर शबाना भाभी अध्यक्ष झाल्या. त्यांनी उभं राहून सांगितलं, पूर्वेकडच्या खोल्यांचं पाणी आता वह्यांवर गळतंय, तर आपण वर्गणी करू आणि दोन नव्या खोल्या बांधू. तुझ्या नावानं. दारावर संगमरवरी पाटी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजी त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आले होते. त्यांनी खाली मान घातली.

मी म्हणाले, "माझा विरोध आहे."

मग जे सुरू झालं ते तू ऐकायला हवं होतंस. "शेरातली मेव्हणी आली बघा, शाणी!" "सख्ख्या भैनीच्या नावाला आडवी!" शबाना भाभी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शुभा, तू हाडानं बी इंजिनेरच हैस क्या गे? काळीज हैच न्हाय?" दाजी उठून बाहेर गेले. ते सगळ्यात जड होतं.

मी जमेल तसं सांगितलं. गावात शाळा चालवायची जबाबदारी सरकारची आहे, कायद्यानं आहे. आपण कर भरतो, काडेपेटी घेतली तरी भरतो. आपण खोल्या बांधल्या की कागदावर लिहितील, शाळा सुस्थितीत. मग पुढच्या दहा वर्षांत इथे काही यायचं नाही, आणि त्या खोल्याही आपणच दुरुस्त करत बसायच्या. माझं बोलणं बरोबर होतं आणि कुणाच्याही गळी उतरत नव्हतं. अहवालासारखं बोलत होते, दुसरं काय!

मागे नागव्वा बसल्या होत्या. शाळेची खिचडी शिजवतात त्याच, तुझी जिवाची मैत्रीण. दोन नाती शाळेत आहेत त्यांच्या. त्या मध्येच म्हणाल्या, "बेड यव्वा, बेड." रागावल्या की त्या कन्नडमध्येच नको म्हणतात. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

पण त्या बायकांकडे वळल्या. "माज्या म्हायेरच्या शाळंत दारं न्हाईत. पावसाचं शेरडं येऊन बसत्यात. तितल्या बायका मजुरीला जात्यात, वर्गणी कुटनं देतील? हितली शाळा आपण पैका घालून झ्याक करायची, आन् तितल्या पोरांनी शेरडात बसायचं? मग सरकारी शाळा कशाला म्हनायचं तिला? ज्याच्या गावात पैका त्याची शाळा म्हना की!"

मी जे पंधरा मिनिटं सांगत होते ते इतकंच होतं. मला का नाही असं बोलता येत, अक्का?

पाटीचा विषय तिथे थांबला. पण पुढचं काम त्याहून अवघड होतं. भेग पूर्ण दाखवायची, मापायची तर रंग खरवडायला हवा होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सहा जणी खोलीत गेलो. खरवडायचा पत्रा माझ्या हातात होता. आगगाडीच्या समोर उभी राहिले आणि माझा हात वर गेला नाही. मी सांगितलं, आधी मापं घेऊ. मग सांगितलं, आधी फोटो काढू. शबाना भाभींनी माझ्या हातातला पत्रा काढून घेतला. "तू लिख. मी खरवडते. तुझ्या भैनीला मी सांगीन काय ते."

'घ' आधी गेला. मग 'ग', मग 'ख'. भाभी डोळे पुसत खरवडत होत्या आणि मी आकडे लिहीत होते. दारापाशी चार मिलिमीटर. वर छताजवळ सहा.

मग भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत स्थिर असेल तर काच टिकते. हलत असेल तर फुटते. एवढी साधी गोष्ट आहे. चौथीच्या मुलांना शिकवली. दर सोमवारी ती मुलं काचा पाहून फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची, "पाच पैकी पाच बऱ्या." ऑगस्टमध्ये काळी माती पाणी पिऊन फुगली आणि एका सोमवारी फळ्यावर आलं, "पाच पैकी दोन बऱ्या." हेडसरांनी त्याच दिवशी दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं. वर्ग व्हरांड्यात आले.

मग अर्ज. मापं, फोटो, फुटलेल्या काचांच्या तारखा, ग्रामसभेचा ठराव. सगळं मिळून एक दुपार लागली. मोजली मी.

पुन्हा पाहणी ठरली. मी बायकांना बजावून सांगितलं, या वेळी काही नाही. झाडायचंसुद्धा नाही, फेटा नाही, भजी नाहीत. सगळ्या हो हो म्हणाल्या. सकाळी दहाला येऊन बघते तर फाटकाशी ही मोठी रांगोळी! मोरासकट!

"नागव्वा, आपलं काय ठरलं होतं?"

"रांगोळी दारात हाय, भेगंत न्हाय. बघू दे की सायबाला भेग. मी काय भेगंवर मोर काढलाय व्हय?"

तुझ्या शाळेतल्या बायका त्या, अगदी तुझ्याच!

इंजिनिअर तेच आले होते, दोन वर्षांपूर्वीचे. आत शिरले, खरवडलेली भिंत पाहिली आणि म्हणाले, "मागच्या वेळी तर चांगली होती की शाळा."

नागव्वा दारातूनच म्हणाल्या, "मागल्या येळी तुमी भित न्हाय बघितली सायेब. आगगाडी बघितली."

साहेब भिंतीजवळ गेले. काचांवरच्या तारखा त्यांनी एकेक करून वाचल्या. मला विचारलं, पाया किती खोल आहे? मी सांगितलं, कोपऱ्यावर खणून पाहिलं, जेमतेम दोन फूट. त्यांनी मान हलवली. या वेळच्या शेऱ्यात एकच ओळ होती. खोल्या धोकादायक, वापर बंद करावा, नवीन बांधकाम प्रस्तावित. चहा विचारला तर नको म्हणाले. मग गाडीत बसता बसता म्हणाले, "मागच्या वेळची भजी मात्र चांगली होती." नागव्वा अजून ते सगळ्यांना सांगतात.

पुढे फाईल. ती पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत गेली आणि तिथे बसली. इथे मात्र माझं डोकं नाही, शबाना भाभींचं चाललं. त्यांनी बारा आयांच्या सहा जोड्या केल्या. दर मंगळवारी एक जोडी सोलापूरला जायची. भांडायचं नाही, घोषणा नाहीत, निवेदन नाही. एकच प्रश्न विचारायचा, आमची फाईल आज कुणाच्या टेबलावर आहे? उत्तर मिळालं की त्या टेबलाशी जायचं आणि तिथे उभं राहून विचारायचं, पुढं कधी जाईल?

पाचव्या-सहाव्या मंगळवारी तिथले बाबू वैतागले. "आवो मावशी, तुमी परत आला व्हय?"

"आमी कवा आलो?" ती जोडी म्हणाली. "त्या दुसऱ्या व्हत्या. आमी तर पैल्यांदाच आलोय. सांगा की, कुटं हाय फाईल?"

मार्चमध्ये मंजुरीचं पत्र आलं. दोन खोल्या, काळ्या मातीसाठी योग्य पाया, संपूर्ण खर्च शासनाचा. लोकवर्गणीचा रकाना आहे पत्रात. त्यात आडवी रेघ आहे. मी ती रेघ बराच वेळ पाहत होते.

त्या संध्याकाळी दाजी माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "तू तवा आडवी आलीस, मला लई राग आला व्हता. ती असती तर तिलाबी आला असता." मग म्हणाले, "पर ती मंगळवारी पयल्या गाडीनं गेली असती, न्हाय?"

गेली असतीस. आणि तू एकटीच सगळ्यांना पुरली असतीस. म्हणूनच मला वाटतं, आपल्या वादात आपण दोघीही अर्ध्याच बरोबर होतो. भेग झाकायला नको होती, यावर मी आजही ठाम आहे. यात तुला सवलत नाही. पण बारा बायका एका हाकेला शाळेत गोळा होतात, हे माझ्या कुठल्या अहवालानं झालेलं नाही. ते तू उंबऱ्या-उंबऱ्यावर बसून करून ठेवलं होतंस. मी फक्त त्यांना कुठल्या दारात जाऊन बसायचं ते सांगितलं. माझ्या त्या वाक्याची माफी मागते. जिवंतपणी मागायला हवी होती.

एवढ्यानं सगळं झालं असं समजू नकोस. उद्यापासून आखणी. कंत्राटदार घाईत आहे आणि काळ्या मातीत घाई चालत नाही, हे मी त्याला आजच दोनदा सांगितलंय. तो मला पाहून आत्तापासूनच तोंड वाकडं करतो. करू दे. आणि गावात कुजबुज सुरू झाली आहे, मध्येच निधी थांबला तर? थोडी वर्गणी काढून उरलेलं आपणच उरकू. लोक मनानं चांगले आहेत, हीच पंचाईत आहे!

म्हणून तुला शब्द देते. पायाचा प्रत्येक खड्डा मी स्वतः मापीन. स्लॅबच्या दिवशी रजा घेईन. काम थांबलं तर मंगळवारच्या जोड्या पुन्हा सुरू होतील, आणि पहिल्या जोडीत मी असेन. वर्गणीची थाळी पुन्हा फिरू देणार नाही, तुझ्या नावानं तर मुळीच नाही. ईश्वरी पाचवीतून बाहेर पडली तरी मी या कामातून उठणार नाही, कारण नागव्वांच्या माहेरची शाळा अजून बिनदाराची आहे आणि तिथल्या बायकांनी परवा मला बोलावलं आहे.

आणि या दिवाळीनंतर तुझी ईश्वरी नव्या खोलीत बसेल, तेव्हा त्या खोलीसाठी तिला कुणाचे आभार मानावे लागणार नाहीत, अक्का. माझे नाहीत, गावाचे नाहीत, तुझेसुद्धा नाहीत. ती नुसती आत जाईल आणि जागेवर बसेल.

तुझी धाकटी,
शुभा